लिंबाच्या पानातली रुपेरी ओळ

लिंबाचं कोवळं पान उलटं करायचं आणि सकाळच्या तिरक्या उन्हात धरायचं. सरळ समोरून पाहिलं तर फिकट हिरव्यावर नुसती पांढुरकी वळवळ दिसते. पान जरा कलतं केलं की तिला चांदीची झाक येते, आणि मग नजर आपोआप तिच्या मागे जायला लागते. मधल्या शिरेजवळ कुठेतरी ती जेमतेम दिसेल इतकी बारीक सुरू होते. शिरेच्या कडेनं थोडी चालते, वळते, आपल्याच आधीच्या वाटेशेजारून परत येते, पुन्हा वळते. पुढे जाईल तशी रुंद होते आणि शेवटी पानाच्या कडेशी जाऊन थांबते. तिथे पानाची कड किंचित दुमडून आतून टाके घातलेले असतात. रुपेरी पट्ट्याच्या बरोबर मधून, आरंभापासून जवळजवळ अखेरपर्यंत, एक काळपट रेघ गेलेली असते.

हे सगळं करणारी अळी पूर्ण वाढली तरी तीनेक मिलिमीटरची. तिचं शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. आपल्याकडचा शेतकरी तिला पानं पोखरणारी अळी किंवा नागअळी म्हणतो. तिचा पतंग सुरेख आहे, त्याच्याकडे येऊच. पण माझं मत आधीच सांगून ठेवतो: या कीटकाचं खरं काम पानात आहे. पतंगाच्या पंखांवरून त्याला ओळखता येतं, पण त्याला जाणून घ्यायचं तर पानच वाचावं लागतं. आणि वाचायची सवय झाली की बहुतेक वेळा पतंगाची गरजही पडत नाही.

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत हे पान शोधायला लांब जावं लागत नाही. आर. के. बाळिगा यांच्या डोक्यात ही वसाहत होती. १९७८च्या सुमारास केऑनिक्स या सरकारी कंपनीनं कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांतल्या ३३२ एकरांवर तिची मांडणी केली. आता होसूर रोडवर उड्डाणपूल आहे, २०२५च्या ऑगस्टपासून पिवळ्या मार्गावरची मेट्रो धावते, आणि आजूबाजूच्या बहुमजली इमारतींत पुण्या-नागपूरहून आलेली माणसं बाल्कनीत तुळस, कढीपत्ता आणि लिंबू लावून राहतात. बंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंच. इथे विदर्भासारखा उन्हाळा नाही आणि कडाक्याची थंडीही नाही. त्यातून बाल्कनीतल्या कुंडीला रोज पाणी, महिन्या-पंधरा दिवसांनी खत. शेतातलं लिंबू ठरावीक वेळी पालवी धरतं, कुंडीतलं सारखंच फुटत राहतं. म्हणजे अळीला कोवळ्या पानांची कधीच ददात नाही. सोसायट्यांच्या आवारात कुंपणाला लावलेली कुंती तिला चालते, देवळाजवळचा बेलही चालतो. ही सगळी लिंबाच्याच कुळातली मंडळी.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा फोटो अधूनमधून येतोच. ‘लिंबाला काय झालंय? फंगस आहे का?’ मग कुणी साबणाचं पाणी सुचवतं, कुणी आंबट ताक, कुणी थेट कीटकनाशकाच्या बाटलीचा फोटो टाकतं. पहिला फोटो बोटांनी मोठा करून नीट पाहणारा विरळाच. पाहिला असता तर कळलं असतं की बुरशीला दिशा नसते. ती एका ठिपक्यातून चहूकडे पसरते. या ओळीला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि तिची रुंदी एकाच दिशेनं वाढत गेली आहे. कुणीतरी इथून तिथवर गेलं आहे आणि जाता जाता मोठं झालं आहे.

आरंभ नीट पाहू. मादी संध्याकाळी आणि रात्री अंडी घालते. एका जागी एकच अंडं, बहुधा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या लगत. अंडं चपटं, पारदर्शक, जेमतेम ०.३ मिलिमीटर लांब. भिंगातून पाहिलं तरी दवाचा बारका थेंब समजून आपण पुढे जाऊ. पान कुठलं, याबाबत मात्र मादी फार चोखंदळ. एक-दोन सेंटिमीटर लांबीचं, नुकतं उघडलेलं, अजून लवलवतं पान तिला लागतं. चार-आठ दिवसांनी तेच पान जून झालं, चकाकायला लागलं, की तिच्या पिल्लाच्या उपयोगाचं राहत नाही. पान जून होण्याच्या आत अळीचं पोट भरलं पाहिजे, अशी ही शर्यत अंडं घातल्या क्षणापासून सुरू असते.

अळी अंड्यातून बाहेर येते असं आपण सवयीनं म्हणतो. ही बाहेर येतच नाही. पानाला चिकटलेल्या अंड्याच्या तळातूनच ती सरळ पानात शिरते. तिच्या वाट्याला वारा येत नाही, उघडं ऊनही येत नाही. पाऊस डोक्यावरच्या पातळ पापुद्र्यावर पडतो आणि ओघळून जातो.

आणि ती पानात कुठे शिरते, हा या सगळ्या प्रकारातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग. पानाची रचना शाळेत शिकलेली असते: वर-खाली एकेक पेशीच्या जाडीची कातडी, तिच्यावर मेणचट थर, आणि दोन कातड्यांच्या मध्ये हिरव्या पेशींचा गर. पोखरणाऱ्या बहुतेक अळ्या त्या गरावर तुटून पडतात. ही गराला हात लावत नाही. ती फक्त कातडीच्या त्या एका पेशीच्या जाडीत राहते. डोकं चपटं, पाचरीसारखं पुढे आलेलं. पाय नाहीत, कारण एवढ्या जागेत पायांना वावच नाही. जबडे पात्यासारखे पातळ. ते आडवे चालवून ती पुढची पेशी कापते, आतला रस पिते आणि पुढे सरकते. तिच्या मागे मेणचट पापुद्रा सुटा होतो, त्याच्याखाली हवा शिरते. त्या हवेवरून उजेड परततो, म्हणून ओळ चांदीची दिसते. त्याच जागी पान उजेडासमोर आरपार धरलं तर खाली हिरवा गर शाबूत दिसतो. फोडासारखी खाण करणाऱ्या अळ्यांच्या जागी पान कागदासारखं अर्धपारदर्शक होतं. तसं इथे होत नाही.

एवढी काटकसर! आपल्याला नासधूस दिसते तिथे प्रत्यक्षात अत्यंत मोजकं खाणं चाललेलं असतं. पान पुढे आकसतं आणि वेडंवाकडं होतं ते निराळ्या कारणानं. एका बाजूची कातडी मेली आणि बाकीचं पान वाढत राहिलं की ते वळणारच.

मोडी लिहिणाऱ्यांना ही ओळ पाहताक्षणी ओळखीची वाटावी. बोरू एकदा टेकवला की उचलायचा नाही, अक्षरामागून अक्षर गुंफत जायचं, आणि वळणं लिहिणाऱ्याच्या हातावर सोडायची. मधली काळपट रेघ ही शाई. ती अळीची विष्ठा. रस पिणाऱ्याची विष्ठा पातळच असणार, म्हणून तिच्या गोळ्या होत नाहीत. अळी शेपटीच्या टोकातून ती अखंड सोडत जाते, आणि ती स्वतः बिळाच्या मध्यावरून चालत असल्यानं रेघही मधोमध पडते. ही रेघ जिथे बारीक तिथे अळी लहान, जिथे जाड तिथे मोठी. एखाद्या ठिकाणी पट्टा अचानक रुंद झालेला दिसतो. तिथे तिनं कात टाकली. नुसत्या डोळ्यांना हे अंदाजानं कळतं, दहापटीच्या भिंगाखाली स्पष्ट दिसतं. पुष्कळदा अळी मधल्या जाड शिरेपर्यंत येते आणि ती न ओलांडता मागे फिरते, म्हणून पानाच्या एका अर्ध्या भागात वळणांची दाटी होते आणि दुसरा अर्धा भाग कोरा राहतो. अशी पानं मला अधिक आवडतात. एकाच पानावर तीन-चार अळ्या पडल्या की ओळी एकमेकींत घुसतात आणि सगळंच गिचमीड होतं. मग कुणाची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला याचा पत्ता लागत नाही.

अळीच्या चार अवस्था, पैकी तीन पिण्याच्या. चौथी मात्र वेगळ्याच घडणीची. तिसरी कात टाकल्यावर जे बाहेर येतं त्याला खायचे जबडे नसतात, कारण आता खायचंच नाही. चपटं शरीर बरंचसं गोलाकार होतं आणि तोंडाशी रेशीम काढायची नळी येते. तोवर अळी पानाच्या कडेला पोचलेली असते. आतल्या आत रेशमाचे धागे या बाजूकडून त्या बाजूला टाकत ती कड ओढून घेते. धागे सुकताना आकसतात, कड वळते आणि तिच्या आत कोषाला पुरेल एवढी खोली तयार होते. पानाच्या कडेवरची ती घडी सापडली की ओळख जवळजवळ पक्की समजावी. काळपट रेघ इथे संपलेली असते, कारण या शेवटच्या टप्प्यात पोटात काही गेलेलंच नसतं.

घडीतला कोष पिवळसर तपकिरी. त्याच्या डोक्यावर एक टोकदार चोच असते. पतंग तयार झाला की कोष आतल्या आत पुढे सरकतो, चोचीनं रेशीम आणि पानाचा पापुद्रा फाडतो आणि अर्धा बाहेर येऊन थांबतो. मग त्याच्यातून पतंग निघतो. मागे राहतं घडीच्या तोंडातून अर्धं बाहेर लोंबणारं रिकामं टरफल. ते कित्येक दिवस तसंच राहतं, आणि तज्ज्ञांच्या दृष्टीनं ते सोन्यासारखं, कारण फायलोक्निस्टिसच्या निरनिराळ्या जाती ओळखताना या चोचीचा आकार मोलाचा ठरतो. उबदार हवेत अंड्यापासून इथवर दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत सात आठवड्यांपर्यंत.

आता पतंग. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार मिलिमीटर, मिटले तर दोन. कुंडीच्या काठावर बसला असला तर राखेचा कण समजून आपण फुंकर मारू. भिंगाखाली घेतला की गोष्ट बदलते. डोकं गुळगुळीत, शुभ्र. पुढचे पंख चंदेरी, कललेल्या उजेडात किंचित रंग फिरणारे. पंखाच्या मुळापासून दोन बारीक गडद रेघा शेजारी-शेजारी निघतात आणि साधारण मध्यावर विरतात. तिथे इंग्रजी वाय अक्षरासारखी एक काळसर खूण. पुढे पंखाला सोनेरी-तपकिरी छटा येते, तिच्यातून बारीक रेघा कडेच्या झालरीत शिरतात, आणि अगदी टोकाला एक ठळक काळा ठिपका. मागचा पंख तर नावालाच पंख. एक अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्या पट्टीहून लांब केसांची झालर. हा बसतोही एका ठरावीक ढबीनं. याच कुळातल्या इतर अनेक पतंगांची छाती पुढच्या पायांवर उचललेली असते. फायलोक्निस्टिस पानाला पोट लावून सपाट बसतो.

त्याच कुंडीवर लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू येतं. त्याची अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगं काढते. तिचे फोटो सगळे काढतात, मुलांना दाखवतात. ती पानंच्या पानं फस्त करते तरी तिला माफी असते, कारण पुढे फुलपाखरू होणार असतं. वीसेक पटीनं लहान असलेल्या या पतंगाला तशी सवलत कुणी देत नाही.

ओळखीतली खरी गोम दुसरीकडे आहे. अशी वेडीवाकडी ओळ फक्त पतंगाचीच अळी काढते असं नाही. माशी काढते, काही भुंगेरेही काढतात. टोमॅटो, वाल, झेंडू, शेवंती यांच्या पानांवर बाल्कनीत दिसते ती बहुतेक वेळा लिरिओमायझा ट्रायफोली या माशीची करामत. ही मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे १९९०च्या सुमारास आली. माशीच्या अळीला डोकं असं नसतंच, तोंडात आकड्यासारखं हत्यार असतं, आणि ती कुशीवर पडून खाते. थोडं खाल्लं की कूस बदलते. म्हणून तिची विष्ठा मधोमध पडत नाही. आधी एका कडेला तुकड्या-तुकड्यानं, मग दुसऱ्या कडेला, अशी ती पडत जाते. पुढे ती पानाला फट पाडून बाहेर पडते आणि सहसा मातीत कोष करते. त्यामुळे पानाच्या कडेला घडी नाही, लोंबणारं टरफल नाही. म्हणजे पहिला प्रश्न झाड कुठलं, दुसरा रेघ मधून की कडेनं, तिसरा शेवट कसा. एवढी तीन उत्तरं मिळाली तर दहापैकी आठ वेळा कीटक पाहायलाच लागत नाही.

आणखी एक पाहुणी पतंगांच्याच वर्गातली, पण वेगळ्या कुळातली: टोमॅटोवरची टूटा अॅब्सोल्यूटा. दक्षिण अमेरिकेतून निघून २००६मध्ये ती स्पेनला पोचली, आणि २०१४मध्ये पुणे परिसरात आणि कर्नाटकात तिची नोंद झाली. ती नाजूक ओळ वगैरे काढत नाही. पानात मोठाले फोड करते, मग फळात शिरते. तिच्याबद्दल मला रसिकतेनं काही लिहिता येणार नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या रस्त्यांवरचा करंज मात्र वेगळं प्रकरण आहे. बंगळुरूत होंगे म्हणतात तो हाच, इथल्या रस्त्यांचं लाडकं झाड. त्याच्या पानांवर बोटांसारख्या उभ्या गाठी दिसतात, त्या एका सूक्ष्म कोळीवर्गीय किडीच्या. त्यांच्याच शेजारी पांढरे फोड दिसतात, ते पोखरणाऱ्या पतंगांचे. लिंबावरच्या अळीच्या कुळातलेच, पण यांची कहाणी दोन अंकी. लहानपणी याही अळ्या चपट्या, रस पिणाऱ्या. तेव्हा ओळ निघते. मग एका कातीबरोबर तोंड बदलतं, चावायचे जबडे येतात आणि अळी गरावर पडते. ओळीचा फोड होतो, पातळ विष्ठेच्या जागी गोळ्या येतात. नीट पाहिलं तर फोडाच्या एका कोपऱ्यात ती पहिली ओळ अजून दिसते, कधी फोडातच गडप झालेली असते. लिंबावरच्या अळीनं दुसरा अंक गाळूनच टाकला आहे. पिणं संपलं की थेट शिवणकाम. मला हे अधिक कसदार वाटतं. ज्यांना फोड आवडतात त्यांनी खुशाल आवडून घ्यावेत.

हे वाचायची परंपराही जुनी. फ्रान्समध्ये रेओम्यूर यानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच पानांत राहणाऱ्या अळ्यांबद्दल बारकाईनं लिहून ठेवलं होतं. आपल्या लिंबावरच्या पतंगाला नाव मिळालं ते १८५६मध्ये, लंडनमध्ये, हेन्री स्टेंटन याच्याकडून. आणि नमुने होते कोलकात्याचे. म्हणजे आज जगभर ज्याच्या नावानं बोटं मोडली जातात त्याचं बारसं हिंदुस्थानी नमुन्यांवरच झालं. पुढे एडवर्ड मेरिक आला. इंग्लंडातल्या मार्लबरोच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या या मास्तरानं १४,०००हून अधिक जातींची वर्णनं लिहिली. कुर्ग आणि कारवारहून पेट्यांतून आलेले इवलेसे पतंगही त्याच्या टेबलावर पोचले. टूटालाही पेरू देशातल्या नमुन्यांवरून १९१७मध्ये त्यानंच नाव दिलं. त्याची वर्णनं म्हणजे पंखांवरच्या खुणांची कोरडी यादी. कामाला चोख, वाचायला रूक्ष. त्यात पान नसतं, झाड क्वचितच.

ती उणीव भरून काढली थॉमस बेनब्रिग फ्लेचर यानं. बिहारमधल्या पुसा इथे तो सरकारचा मुख्य कीटकशास्त्रज्ञ होता. पतंग पकडून टाचण्यापेक्षा अळी पाळून पतंग होऊ देणं, कुठल्या झाडावर, पानाच्या कुठल्या बाजूला, कोष कसा, हे सगळं टिपून घेणं ही त्याची रीत. १९२०च्या सुमारास त्यानं भारतातल्या सूक्ष्म पतंगांच्या जीवनक्रमांचा ग्रंथ काढला. पाळलेले पतंग नावासाठी मेरिककडे जात. दोघांनी मिळून ते काम पुरं केलं हे खरं, पण मला विचाराल तर माझा कौल फ्लेचरला.

याहूनही जुनं एक पान आहे. अमेरिकेच्या मध्यभागात डकोटा नावाच्या खडकांत सापडलेल्या पानांच्या ठशांवर अशाच ओळी मिळाल्या. सुमारे ९.७ कोटी वर्षांपूर्वीच्या. १९९४मध्ये संशोधकांनी त्यांतल्या काही ओळी या फायलोक्निस्टिसच्याच गोतावळ्यात बसवल्या, आणि त्याही पतंगावरून नव्हे, निव्वळ ओळीच्या चालीवरून. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाच्या रूपानं वाहत होता, त्याच्या तीन कोटी वर्षं आधी कुणी तरी पानाच्या कातडीत शिरून पीत-पीत चाललं होतं. पतंग सापडले नाहीत, ओळ टिकली.

शेजारच्या काकू मूळच्या वरूडच्या, संत्र्याच्या बागेतल्या. त्यांना मी एकदा कुंडीतलं पान उत्साहानं दाखवलं. “तुले कौतुक सुचून राह्यलं बाप्पा,” त्या म्हणाल्या, “नवती गेली त झाड काय वाढन?” त्यांचं बरोबर आहे. विदर्भातल्या संत्र्याला आंबिया, मृग आणि हस्त अशा तीन हंगामांत नवती येते आणि दर नवतीला ही अळी हजर असते. मोठं झाड ते सोसतं. रोपवाटिकेतल्या आणि दोन-तीन वर्षांच्या कलमांना ते जड जातं, कारण त्यांच्याकडे पानंच मोजकी. शिवाय सुटलेल्या पापुद्र्याखालून खैऱ्याच्या जिवाणूंना आयती वाट मिळते. कागदी लिंबाला तर तो रोग फार. नागपूरला १९८५पासून लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या कामात या अळीला जागा असणं स्वाभाविक आहे. पाच टक्के निंबोळी अर्क वेळेवर, म्हणजे नवती बोटाच्या पेराएवढी असताना फवारला तर उपयोग होतो. वेळ निघून गेल्यावर, ओळ पूर्ण उमटल्यावर फवारणारे फक्त पानाला आंघोळ घालतात.

१९९३मध्ये ही अळी फ्लोरिडात पोचली, त्याच सुमारास भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत, आणि १९९६मध्ये ब्राझीलला. मग तिच्या मागावर तिचे जुने वैरी पाठवले गेले. एजेनियास्पिस सिट्रिकोला ही मुंगीहून लहान गांधीलमाशी थायलंडहून ऑस्ट्रेलियाला आणि तिथून १९९४मध्ये फ्लोरिडाला नेली गेली. ती पतंगाच्या अंड्यात किंवा नुकत्या जन्मलेल्या अळीत आपलं एक अंडं घालते, आणि त्या एकाचीच पुढे अनेक भावंडं होतात. अळी बिचारी शेवटपर्यंत ओळ लिहिते, कड दुमडते, शिवते. आणि त्या खोलीत तिच्या कोषाऐवजी तपकिरी कोषांची एक रांग सापडते. आपल्याकडे या अळीवर जगणाऱ्या दुसऱ्या गांधीलमाश्या आहेत. त्यांतल्या एकीचं, सिट्रोस्टिकसचं, वर्णन १९६०मध्ये भारतातच झालं. त्यांची खूण वेगळी: ओळ अर्ध्यात तुटते, टोकाशी सुकलेली अळी आणि तिच्या शेजारी एखादा काळा कोष. बाल्कनीतल्या कुंडीवर अशी अर्धी ओळ मिळाली तर फवारणीची बाटली खाली ठेवावी. तिथे काम करणारं कुणी आधीच आलेलं आहे.

ओळ उमटून गेलेली पानं तोडायची घाई करू नये. घडीच्या तोंडाशी टरफल लोंबत असेल तर राहणारा केव्हाच उडून गेला आहे, आणि उरलेला हिरवा गर झाडाच्या उपयोगाचा आहे. पतंग पाहायचाच असेल तर कड दुमडलेलं पण टरफल नसलेलं पान निवडावं. त्याआधीचं, ओळ अजून चालू असलेलं पान तोडलं तर ते सुकतं आणि आतली अळी उपाशी मरते. निवडलेलं पान काचेच्या बरणीत घालावं, तळाशी ओलसर टिश्यू पेपर, तोंडाला मलमलीचं फडकं. बरणी उन्हात ठेवू नये. पतंग बहुधा पहाटे निघतो, म्हणून ऑफिसच्या बसला पळण्याआधी एकदा भिंग घेऊन बघावं. पंखाच्या टोकाशी काळा ठिपका दिसला की नाव पक्कं. करंजाच्या फोडांनाही हीच रीत लागू पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी आली की थोड्याच आठवड्यांत ते दिसायला लागतात. फक्त तिथे एका फांदीवर एकाहून अधिक जाती निघू शकतात, म्हणून दर बरणीत एकच पान ठेवायचं, चिठ्ठीवर तारीख घालायची, आणि पतंग उडून गेला तरी पान फेकायचं नाही.